मांजर आणि बागेतले पक्षी: मैत्रीची वाट बघू नका, वेळ आणि जागा वाटून द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मांजर दोन वर्षांची आहे, दिवसभर आत-बाहेर करते, बागेत तुम्ही पक्ष्यांसाठी दाणे आणि पाणी ठेवता, आणि आता तिने पक्ष्याचं एक पिल्लू तोंडात धरून आणलं. मग रोज बघून बघून तिला पक्ष्यांची सवय होईल का, पोटभर खायला घातलं तर शिकार सोडेल का, आणि गळ्यात घंटा बांधली तर पुरेल का. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, माझ्याकडे मांजरं पण येतात आणि मांजराने पकडलेले पक्षी पण येतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच टेबलावर बघते आणि दोन्हींसाठी जीव तुटतो. तिन्ही प्रश्नांचं उत्तर आधी सांगून टाकते, नाही. पण याचा अर्थ मांजर तरी ठेवा नाहीतर पक्षी तरी, असा अजिबात नाही. दोघांचं एकाच घराभोवती व्यवस्थित जमतं, फक्त त्यासाठी मांजराचा स्वभाव बदलायच्या मागे न लागता आपल्याला तिच्या वेळा आणि जागा बदलाव्या लागतात.

सवयीचं आधी बघू. मांजर आणि पक्षी एकमेकांच्या शेजारी झोपलेत असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत आणि ते खोटे असतात असं मी म्हणत नाही. मांजराच्या पिल्लाचा साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला काळ असा असतो की तेव्हा जो प्राणी सोबत असेल तो आपला वाटायला लागतो. झिंग-यांग कुओ नावाच्या संशोधकाने १९३० सालीच यावर काम केलं होतं, उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेली ८५ टक्के पिल्लं चार महिन्यांची व्हायच्या आत उंदीर मारायला लागली, आणि एकटी वाढवलेली, म्हणजे ज्यांना कोणी काही शिकवलंच नाही, त्यातलीही ४५ टक्के मारायला लागली. जी पिल्लं उंदरासोबतच वाढली त्यांनी आपल्या सोबत्याला हात लावला नाही, पण त्यातल्या काहींनी वेगळ्या जातीचे उंदीर मात्र मारले. म्हणजे ओळख होते ती त्या एका सोबत्याशी आणि फार तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांशी, सगळ्या उंदरांशी नाही. तुमची मांजर दोन वर्षांची आहे, तो काळ कधीच गेला, आणि बागेत येणारे पक्षी रोज वेगळे. ती खिडकीतून तासन् तास शांत बघत बसते तेव्हा आपल्याला वाटतं बघा किती सवय झाली, पण ती प्रत्यक्षात त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि बसायच्या जागा लक्षात ठेवत असते. खालचा जबडा थरथरवून कटकट आवाज काढते ना, ती शिकारीची उत्तेजना असते.

पोटाचं म्हणाल तर भूक आणि शिकार या मांजराच्या डोक्यात बऱ्यापैकी वेगळ्या गोष्टी आहेत. भूक लागली की शिकारीचा जोर वाढतो हे खरं, पण पोट भरलं म्हणून तो बंद होत नाही. १९७६ सालचा एक जुना प्रयोग आहे ज्यात मांजरांना त्यांचं आवडतं खाणं दिलं आणि ती खात असतानाच समोर उंदीर सोडला, तर मांजरांनी खाणं सोडून उंदीर मारला, तो ताटलीपाशी आणून ठेवला आणि परत आपलं आवडतं खाणं सुरू केलं. जंगलात हे बरोबरच आहे, कारण दर वेळी झडप यशस्वी होत नाही, भूक लागेपर्यंत थांबणारं मांजर उपाशी मरेल. त्यामुळे "तिला काय कमी आहे घरी" असं म्हणून तिच्यावर रागावू नका आणि तिला मारू तर मुळीच नका, ओरडल्याने ती शिकार सोडत नाही, तुमच्यासमोर आणणं सोडते एवढंच.

आणि हा आणण्याचा मुद्दा खूप महत्त्वाचा आहे. बरेच जण म्हणतात की आमची फार काही मारत नाही, वर्षातून एखादा पक्षी दिसतो. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या लोकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून बघितलं, तर ४४ टक्के मांजरं शिकार करत होती, आणि जे मारलं त्यातलं फक्त २३ टक्के घरी येत होतं, ४९ टक्के तिथेच टाकून दिलेलं आणि उरलेलं खाल्लेलं. तुम्हाला एक पिल्लू दिसलं म्हणजे साधारण चारेक जीव गेले असं धरा. त्या अभ्यासात बरीच मांजरं काहीच मारत नव्हती हेही खरं आहे, मांजरामांजरात फार फरक असतो, पण तुमची कुठल्या गटात आहे ते आता तुम्हाला कळलंय.

एकूण आकडे ऐकले की धक्का बसतो. २०१३ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, पण पाळीव मांजरांचाही छोटा नाही. जगात आजवर नामशेष झालेल्या ६३ प्रजातींच्या मागे मांजर हे एक कारण आहे, ४० पक्षी, २१ सस्तन प्राणी आणि २ सरपटणारे, आणि यातले बहुतेक बेटांवरचे, जिथल्या पक्ष्यांनी असा शिकारी कधी पाहिलाच नव्हता. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा तो छोटा न उडणारा पक्षी १८९४ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आला आणि बघता बघता संपला, गोष्ट एका दीपगृहाच्या मांजरीची सांगतात पण खरं तर बेटावर रानटी झालेली बरीच मांजरं होती. तुमच्या बागेत प्रजाती संपायची भीती बहुधा नाही. पण पाळीव मांजर लांब जात नाही हे लक्षात घ्या, सहा देशांतल्या नऊशेहून जास्त मांजरांना जीपीएस लावून बघितलं तेव्हा बहुतेकांचा सगळा वेळ घरापासून शंभरेक मीटरच्या आतच जात होता. त्यामुळे तिचा सगळा भार त्याच थोड्या जागेवर पडतो, तेवढ्या जागेत एखादा जंगली शिकारी करेल त्याच्या दुपटीपासून दहापट शिकार. म्हणजे तुमच्याच बागेत, जिथे तुम्ही दाणे टाकून पक्ष्यांना बोलावताय.

अजून एक गोष्ट, जी कोणी मोजत नाही, ती म्हणजे भीती. इंग्लंडमध्ये शेफील्डला ब्लॅकबर्ड नावाच्या पक्ष्याच्या घरट्याजवळ पेंढा भरलेलं मांजर फक्त १५ मिनिटं ठेवलं आणि उचललं. नंतर त्या आईबापांचं पिल्लांना भरवणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं, शिवाय ते इतका आरडाओरडा करत होते की त्या आवाजावर कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांना घरट्याचा पत्ता लागला आणि २४ तासांत कितीतरी घरटी लुटली गेली. म्हणजे म्हातारं, दात पडलेलं, काहीही न पकडणारं मांजर जरी घरट्याखाली आरामात पहुडलं असेल तरी वर पिल्लं उपाशी राहतात. म्हणून मी "ती नुसती बसते हो बागेत" हे ऐकलं की आधी विचारते, घरटं कुठे आहे.

आता घंटा. अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, ब्रिटनमधल्या २००५ च्या एका कामात घंटा बांधलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४१ टक्के कमी झाले होते, आणि २०२१ ला एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात, ज्यात २१९ घरांतली ३५५ मांजरं होती, घंटेचा काहीच फरक दिसला नाही. मला स्वतःला घंटेवर भरवसा नाही कारण बरीच मांजरं घंटा न वाजवता सरकायला शिकतात, दबा धरून बसलेलं मांजर हलतच नाही मग वाजणार काय, आणि उडता न येणाऱ्या पिल्लाने आवाज ऐकून करायचं तरी काय. एक्सेटरच्याच अभ्यासात रंगीबेरंगी कापडाचं कॉलर कव्हर घातलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, कारण पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात आणि मांजर लांबूनच कळतं. उंदीर वगैरेंवर त्याचा परिणाम नाही, त्यांना रंग तसे दिसत नाहीत. कॉलर काहीही घाला पण झटका बसला की आपोआप सुटणारी घ्या, फांदीत अडकून फास बसलेली किंवा पुढचा पाय कॉलरमध्ये अडकून काखेत जखम झालेली मांजरं मी पाहिलीत, फार वाईट जखम असते ती.

पण त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या घरांनी मांजराला धान्य नसलेलं, मांसातलं प्रोटीन भरपूर असलेलं खाणं दिलं तिथे घरी येणारी शिकार ३६ टक्के कमी झाली, आणि ज्यांनी फक्त रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळ केला तिथे २५ टक्के. पाच-दहा मिनिटं हो! हे बघून मला वाटतं की आपण शिकार "थांबवायला" बघतो तिथेच चुकतं, ती शिकारीची भूक दुसरीकडे भागवायला हवी. (खाणं शोधून काढायच्या कोडेवाल्या खेळण्याने मात्र शिकार ३३ टक्के वाढली, बहुधा नवीन असल्याने मांजरांना त्यातून पुरेसं खाणं मिळेना आणि वैताग आला, त्यामुळे ते देणार असाल तर सोप्यापासून सुरू करा आणि नेहमीचं खाणं कमी करू नका.) खाणं बदलायचं तर एकदम नको, आठवडा-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्या, आणि किडनीचा वगैरे त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

खेळ म्हणजे बॉल टाकून मोबाईल बघणं नाही. काडीला दोरी, दोरीला पीस, आणि ते पीस तिच्यापासून दूर पळालं पाहिजे, कधी जमिनीला घासत, कधी सोफ्याच्या आड जाऊन थांबत, कधी एकदम वर उडत. भक्ष्य कधी स्वतःहून शिकाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही, आपण मात्र खेळणं तिच्या नाकापाशी हलवतो आणि म्हणतो हिला खेळायची आवड नाही. तिला टपायला वेळ द्या, बूड हलवून झेप घ्यायची तयारी करू द्या, आणि दर थोड्या वेळाने खरंच पकडू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. लेझरमध्ये हाताला काहीच लागत नाही म्हणून मी तो टाळते, वापरलाच तर शेवटी ठिपका एखाद्या खेळण्यावर नेऊन थांबवा. आणि खेळ संपला की लगेच जेवण. मांजराचा क्रमच तो आहे, शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, तो क्रम घरात पूर्ण झाला की ती खरोखर झोपते. खेळल्यावर दोरी आणि पीस उचलून कपाटात ठेवा, दोरी गिळली तर आतडं गोळा होतं आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

हे सगळं कधी करायचं तर सूर्य मावळायच्या आधी. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त शिकारीच्या मूडमध्ये असते, पक्षीही नेमके तेव्हाच खायला उतरतात, त्यामुळे संध्याकाळ व्हायच्या तासभर आधीपासून सकाळी ऊन वर येईपर्यंत ती आत, हा एक नियम पाळला तरी मोठा फरक पडतो. संध्याकाळचं चविष्ट जेवण त्याच वेळेला ठेवलं की ती आपोआप घरी येते, शोधत हिंडावं लागत नाही. आणि पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे झाडाखाली आखूड शेपटीची, फुगलेली, टुणटुण उड्या मारणारी पिल्लं दिसायला लागली की ते काही आठवडे तिला दिवसाही बाहेर सोडू नका, सोडलंच तर हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालून तुमच्यासोबत. ही पिल्लं "पडलेली" नसतात, घरट्यातून बाहेर येऊन उडायला शिकत असतात, आईबाप जवळच असतात आणि भरवतात. त्यांना उचलून घरात आणू नका, मांजराला उचलून आणा. अगदी उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू खाली सापडलं तर ते घरट्यात परत ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा गैरसमज आहे.

दाण्यांच्या जागेबद्दल. मांजर मोकळी फिरत असताना जमिनीवर दाणे टाकणं आजपासून बंद करा, हे मी विनंती म्हणून नाही सांगत, बंदच करा. फीडर, म्हणजे दाण्यांचं भांडं, गुळगुळीत खांबावर उंच, खांबावर मधे मांजराला चढू न देणारा उलट्या शंकूसारखा अडथळा, आणि दाट झुडपापासून निदान दोन मीटर लांब, म्हणजे झुडपात दबा धरलेल्या मांजराला एका झेपेत पोचता येत नाही, पण ससाणा-शिक्रा आला तर पक्ष्याला लपायला आडोसा जवळ आहे. पाण्याचं भांडं तसंच, ओल्या पंखांचा पक्षी पटकन उडू शकत नाही. खाली सांडलेले दाणे रोज झाडून काढा नाहीतर उंदीर येतात. आणि मांजर आहे तर उंदीर तरी जातील असं कोणी म्हणत असेल तर न्यूयॉर्कमध्ये एका कचरा प्रक्रिया केंद्रातल्या मोठ्या उंदरांवर कॅमेरे लावून पाहिलं होतं, मांजरांनी पाच महिन्यांत दोन उंदीर मारले. मोठ्या घुशीसारख्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, त्यापेक्षा चिमणी, पाल, छोटी चिचुंद्री सोपी पडते.

फीडर घासून धुवायचा, हे पक्ष्यांसाठी तर आहेच पण तुमच्या मांजरासाठीही. घाणेरड्या फीडरवर साल्मोनेला नावाचा जंतू पसरतो, आजारी पक्षी पिसं फुगवून एका जागी बसून राहतो, मांजर तो सहज पकडते आणि दोन दिवसांनी ताप, उलट्या, रक्ताचे जुलाब घेऊन माझ्याकडे येते. बर्ड फ्लूचा एच५एन१ मांजरांना होतो आणि बऱ्याचदा जीवघेणा ठरतो, हे गेल्या काही वर्षांत अनेक देशांत दिसलंय. विष खाल्लेला उंदीर खाल्ला तर विष मांजरात उतरतं, रक्त गोठत नाही, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात तोवर उंदीर आठवतही नाही. उष्ण प्रदेशात पाली-सरडे खाणाऱ्या मांजरांच्या यकृतात एक चपटा जंत होतो, खाणं सुटतं, कावीळ होते, नेहमीच्या जंताच्या गोळीने तो जात नाही, म्हणून डॉक्टरांना "पाली खाते" हे आवर्जून सांगा. वटवाघूळ आणलं तर उघड्या हाताने धरू नका, आणि रेबीजची लस वेळेवर. साप दिसला की मांजर पंजा मारून बघते, त्यामुळे दंश पुढच्या पायावर नाहीतर तोंडावर होतो. शिकार थांबवणं हे पक्ष्यांवर उपकार म्हणून करायचं असं नाही, मांजराच्या आयुष्याचाही तो प्रश्न आहे.

आता समजा तिने पक्षी पकडलाच आणि तुम्ही सोडवला. इथे जवळजवळ सगळे चुकतात. रक्त दिसत नाही, पक्षी फडफड करतोय, म्हणून झाडावर ठेवून देतात. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात, जखम पिसांखाली दिसतच नाही, आणि तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात जे पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत तो जातो. त्यामुळे मांजराच्या तोंडातून सुटलेला प्रत्येक पक्षी हा पेशंट आहे, धडधाकट दिसला तरी, आणि त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक मिळायला हवं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत मऊ कापड, झाकण बंद, अंधार, शांतता, थोडी ऊब. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं, दूध-पोळी काही नाही, हळद लावू नका, घरातली माणसांची गोळी तर नकोच. सारखं उघडून बघू नका, मुलांना दाखवू नका, आपण प्रेमाने कुरवाळतो तेव्हा त्याला ते शिकाऱ्याच्या हातात असल्यासारखंच वाटत असतं. आणि लगेच पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा वन्यजीव बचाव करणाऱ्यांकडे न्या. खार, सरडा, बेडूक, यांनाही तेच लागू.

नसबंदी झाली नसेल तर ती आधी करून घ्या, चार-पाच महिन्यांची मांजरीसुद्धा गाभण राहू शकते आणि नको असलेली पिल्लंच पुढे बेवारस होऊन उकिरड्यावर आणि पक्ष्यांवर जगतात. नखं काढणं हा उपाय नाही, क्रूर आहे ते.

सगळ्यात चांगलं काय, तर घरात ठेवलेलं मांजर आणि सोबत जाळी लावलेली एक बाहेरची जागा, कॅटिओ म्हणतात तसा, बाल्कनी असेल तर तीच. दोन वर्षं बाहेर फिरलेली मांजर आत राहत नाही असं सगळे म्हणतात, राहते, पण एका दिवसात नाही. आधी रात्री आत, मग पहाट-संध्याकाळ, मग दुपारचे तास कमी करत जायचं. आत उंचावर बसायच्या जागा, खरवडायला उभा खांब, स्वच्छ लिटर बॉक्स, आणि पक्षी दिसतील अशी खिडकी, तिला बघायला आवडतंच, बघू द्या. त्या खिडकीजवळ फीडर लावणार असाल तर काचेपासून एक मीटरच्या आत लावा म्हणजे उडताना वेग नसतो आणि पक्षी काचेवर जोरात आपटत नाहीत. खिडकीतून बाहेरचं दुसरं मांजर दिसून तुमची पिसाळल्यासारखी घरातल्यांवर धावून जात असेल तर खालची काच काही दिवस झाका.

दारापाशी ओरडेल, खूप ओरडेल, पहिले काही दिवस तर आधीपेक्षा जास्त. त्या वेळी दार उघडलं की तिला कळतं एवढं ओरडलं की उघडतं, आणि पुढच्या वेळी तेवढं नक्की ओरडते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी आधी बसून ठरवा की ओरडताना कोणीही उघडायचं नाही, गप्प झाल्यावर काडी-पीस काढायचं. तीन-चार आठवडे धरून चाला. जाळीचं भोक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा मोठं नको, म्हणजे छोटे पक्षी आणि सरडे आत शिरणार नाहीत आणि तिचा पंजा बाहेर जाणार नाही, आणि जाळी वरूनही बंद करा.